नेगीनचा हात : काबूलच्या शाळेतला मुलींचा वाद्यवृंद

मुलीचं नाव नेगीन. फारसीत नेगीन म्हणजे अंगठीतला खडा. आपल्याकडचा नगिना तो हाच. आडनाव खपलवाक, आणि पश्तोत त्याचा अर्थ होतो स्वतंत्र. मूळ गाव पूर्व अफगाणिस्तानातल्या कुनार प्रांतात, पाकिस्तानच्या सीमेला लागून. नवव्या वर्षी ती शिक्षणासाठी काबूलला आली आणि तिथल्या एका अनाथालयात राहू लागली. आईवडील होते, पण गावात मुलीला शिकवणं कठीण होतं. अशी मुलंही तिथे राहत. पुढे संगीतशाळेत प्रवेश, मग पियानो, मग मुलींच्या वाद्यवृंदाची कंडक्टर, म्हणजे समोर उभं राहून हाताच्या खुणांनी सगळ्यांना एकत्र वाजवायला लावणारी. अफगाणिस्तानात या जागी उभी राहिलेली पहिली बाई म्हणून जगभरच्या वर्तमानपत्रांत तिचं नाव आलं, तेव्हा तिनं विशीही ओलांडलेली नव्हती.

बातम्यांनी ही गोष्ट एका धाडसी मुलीची म्हणून सांगितली. ती धाडसी होतीच. पण प्रकरण म्हणून पाहायला बसलं की धाडसापेक्षा दुसऱ्याच गोष्टी मोलाच्या वाटू लागतात. शाळेत जागा कुणाला राखून ठेवली, वाद्यं कुठून आली, मुलगी रात्री झोपायला कुठे जात होती, आणि मुख्य म्हणजे एकटीनं पियानो वाजवणं आणि तीस जणींत उभं राहून हात उचलणं यात नेमका काय फरक पडतो. हा फरकच मला या लेखात तपासायचा आहे.

आधी शब्दाचा घोळ मिटवतो. मराठीत ऑर्केस्ट्रा म्हटलं की डोळ्यांसमोर गणपतीच्या मांडवातला कार्यक्रम येतो: मुकेशचा आवाज काढणारा एक, लताबाईंचा काढणारी एक, आणि कोपऱ्यात ऑक्टोपॅड. म्हणून पुढे मी वाद्यवृंद म्हणेन. कंडक्टरला मात्र कंडक्टरच म्हणतो. 'संचालक' म्हटलं की बँकेची निवडणूक आठवते.

शाळा

1996 ते 2001 या काळात, तालिबानच्या पहिल्या राजवटीत, वाद्यांना बंदी होती. कॅसेटमधली फीत उपसून ती तपासनाक्यांवर आणि झाडांवर लटकवलेली असे. वाद्यांविना म्हटलेलं धार्मिक गायन तेवढं चाले. त्याआधीच यादवी युद्धात काबूलचा खराबात मोहल्ला उद्ध्वस्त झाला होता आणि तिथले उस्ताद पेशावरला निघून गेले होते.

खराबातची गोष्ट आपल्याला माहीत असायला हवी, कारण तिचं एक टोक आपल्याकडे आहे. 1860च्या दशकात अमीर शेर अली खान यांनी हिंदुस्थानातून गवई आणि वादक बोलावून घेतले. ते काबूलच्या जुन्या शहरात स्थायिक झाले आणि त्यांच्या पुढच्या पिढ्या तिथेच वाढल्या. त्यामुळे काबूलच्या उस्तादाच्या तोंडी राग, ताल, सरगम हे शब्द आपल्याइतकेच घरचे. उस्ताद सरहंग (1924–1983) पतियाळा घराण्याची तालीम घेऊन परतले होते. अफगाण रबाब हा तर आपल्या सरोदचा पूर्वज मानला जातो.

पण याच इतिहासाची एक दुखरी बाजूही आहे. वाजवणं हा एका मोहल्ल्याचा, ठरावीक घराण्यांचा धंदा. ऐकायला सगळ्यांना हवा, घरात कुणाला नको. 'गाणंबजावणं आपल्या घरातलं नाही' हे वाक्य महाराष्ट्रातही शंभर वर्षांपूर्वी सर्रास ऐकू येई. पलुस्करांनी 1901मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं, भास्करबुवा बखल्यांनी 1911मध्ये पुण्यात भारत गायन समाज उभा केला, तेव्हा त्यांना गाणं शिकवण्याइतकंच हे वाक्य पुसून काढायचं होतं. फी भरून, वर्गात बसून, हजेरी लावून शिकायचं म्हटलं की संगीत ही कुणा एका जातीची मिरास राहत नाही. काबूलमध्ये 2010 साली हेच घडलं.

घडवणारे होते डॉ. अहमद सरमस्त. वडील उस्ताद सलीम सरमस्त हे नामांकित संगीतकार आणि कंडक्टर. मुलानं मेलबर्नच्या मोनाश विद्यापीठातून डॉक्टरेट घेतली आणि 2008मध्ये काबूलला परतून जुन्या संगीतशाळेचं पुनरुज्जीवन हाती घेतलं. जून 2010मध्ये अफगाणिस्तान राष्ट्रीय संगीत संस्था सुरू झाली. शाळा शिक्षण खात्याची, पण बराचसा पैसा बाहेरचा. जागतिक बँकेची मदत होती, जर्मनीतल्या वाद्यविक्रेत्यांच्या संघटनेनं टनावारी वाद्यं पाठवली. गणित, भाषा, धर्मशिक्षण हे नेहमीचे विषय होतेच, त्यांच्या जोडीला संगीत. मुलं-मुली एकाच वर्गात, जे काबूलमध्ये दुर्मीळ. अफगाण वाद्यं, पाश्चात्त्य वाद्यं आणि हिंदुस्तानी संगीत अशा तीन शाखा. सतार-तबला शिकवायला भारतातून गेलेले शिक्षकही तिथे होते.

या शाळेचा सगळ्यात शहाणा निर्णय प्रवेशाचा होता. निम्म्या जागा अनाथ आणि रस्त्यावर वस्तू विकून पोट भरणाऱ्या मुलांसाठी राखून ठेवल्या. रस्त्यावर च्युइंगम किंवा प्लास्टिकच्या पिशव्या विकणारं मूल शाळेत आलं की घरची कमाई बुडते, म्हणून त्या घरांना दरमहा काही रक्कम दिली जाई. संगीताच्या शाळेनं असा हिशेब करावा याचं मला फार कौतुक वाटतं. आपल्याकडे 'संगीतानं मुलं घडतात' असं व्याख्यान देणारे पुष्कळ भेटतात. मूल संध्याकाळी किती कमावतं असं विचारणारा क्वचित. नेगीन आली ती याच फटीतून. अनाथालय होतं म्हणून काबूल, आणि अनाथालयातल्या मुलांसाठी जागा होत्या म्हणून संगीत.

घर

पश्तून मुलगी आणि वाद्य? कुनारच्या नातेवाइकांचा प्रश्न एवढाच होता. त्यांच्या टोळीत पुरुषानंही वाजवणं मान्य नव्हतं, तिथे मुलीची काय कथा. 2016मध्ये रॉयटर्सच्या वार्ताहराला नेगीननं सांगितलं की वडील सोडले तर घरातलं सगळं माणूस तिच्या विरोधात आहे. एकदा ती टीव्हीवर वाजवताना दिसली. नंतर गावी गेली तर काका आणि भाऊ मारायला उठले, आणि दुसऱ्याच दिवशी तिला काबूल गाठावं लागलं.

इथे एक तपशील दिसायला साधा, पण प्रकरणाची किल्ली त्यातच आहे. ती वाजवते म्हणून भांडण झालं का? ती बरीच वर्षं वाजवत होती. भांडण झालं ते ती दिसली म्हणून. बंद खोलीत पियानो वाजवणारी मुलगी काकांनी कदाचित न पाहिल्यासारखी केली असती. घरोघरी अशी तडजोड चालतेच. आपल्या आज्याही चुलीपाशी ओव्या म्हणत होत्या आणि कुणाला त्यात वावगं वाटत नव्हतं. पण वाद्यवृंदाला खोली पुरत नाही. त्याला माणसं लागतात, मंच लागतो, समोर ऐकणारे लागतात. वाद्यवृंदातलं मूल लपून राहू शकत नाही.

वडिलांबद्दल फारसं लिहिलं गेलेलं नाही, याची मला चुटपुट लागते. भावांचा रोष पत्करून मुलीच्या बाजूनं उभा राहिलेला कुनारचा हा माणूस प्रत्येक बातमीत एका ओळीपुरता येतो आणि जातो. तो नसता तर बाकी काहीच झालं नसतं.

झोहरा

शाळेत मुला-मुलींचा एकत्र वाद्यवृंद आधीपासून होता. 2013च्या फेब्रुवारीत अफगाण युवा वाद्यवृंद अमेरिकेला जाऊन वॉशिंग्टनच्या केनेडी सेंटरमध्ये आणि न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये वाजवून आला. अमेरिकी व्हायोलिनवादक विल्यम हार्वी तेव्हा शाळेत शिकवत. व्हिवाल्डीची 'फोर सीझन्स' ही चार ऋतूंवरची रचना आणि रावेलचा 'बोलेरो' त्यांनी अफगाण वाद्यांसाठी नव्यानं बांधले होते.

मग वेगळा मुलींचा वृंद कशाला? सुरुवात एका विद्यार्थिनीच्या मागणीतून झाली. चार-पाच मुलींचा गट करून वाजवू द्या, एवढंच तिचं म्हणणं होतं. सरमस्तांनी ते उचलून धरलं आणि चार-पाचाच्या तीस-पस्तीस झाल्या. वय 13 ते 20. नाव ठेवलं झोहरा, म्हणजे शुक्राची चांदणी. फारसी काव्यात ती आकाशातली वादिका आहे. मला वाटतं, वेगळ्या वृंदाचं खरं कारण नेतृत्वात होतं. मिश्र वृंदात पहिल्या खुर्च्या आणि कंडक्टरची जागा आपोआप मुलांकडे, पुरुष शिक्षकांकडे जाते. मुलीच मुली असल्या की पहिली खुर्ची कुणीतरी मुलगीच घेणार. इथे दोघी पुढे आल्या: नेगीन आणि व्हायोला वाजवणारी झरिफा अदिबा. झरिफानं तर आपलं वाजवणं बहुतेक नातेवाइकांपासून लपवून ठेवलेलं होतं.

आता वाद्यवृंदाच्या आत काय चालतं ते बघू. आपल्या संगीताच्या सवयीनं ते सहज उमगत नाही. आपल्याकडे एक मुख्य कलाकार आणि त्याला साथ. साथीदार मुख्य कलाकाराकडे बघतो, सम सगळ्यांची एक, आणि कागद कुणापुढेच नसतो. पाश्चात्त्य पद्धतीच्या वृंदात प्रत्येकीसमोर कागद असतो, पण त्यावर फक्त तिची स्वतःची ओळ. शेजारणीच्या कागदावर काय आहे हे तिला दिसत नाही. कुणाच्या वाट्याला सलग सोळा आवर्तनं गप्प बसून मोजणं येतं, आणि सतराव्याला नेमका सूर धरायचा असतो. शाळकरी मुलाला शिकवायला सगळ्यात अवघड काय असेल तर ते हे. वाजवायला कुणीही शिकतं. न वाजवता मोजत राहणं, शेजारीण काय करते ते ऐकणं आणि वेळ येताच हजर होणं, याला वर्षं लागतात. सगळ्या ओळी एकत्र दिसतात त्या फक्त कंडक्टरसमोरच्या जाड वहीत.

म्हणजे तीस जणींत सगळं दिसणारी ती एकटी. आणि आवाज न करणारीही तीच एकटी. तिच्या हातात वाद्यच नाही.

उजवा हात मात्रा दाखवतो, डावा हात जोर, उठाव, कुणाची पाळी आली ते. हात खाली पडतो ती मात्रा सगळ्यांना दिसते, पण कौशल्य तो खाली येण्याआधी वर कसा जातो यात आहे. वर जाण्याची गती म्हणजेच येणाऱ्या लयीची सूचना. बासरीवाली त्याच क्षणी श्वास भरते, व्हायोलिनवाली गज उचलते. वर जाणारा हात डळमळला की तीस जणी तीस लयींत सुरू होतात. वर्गातल्या मैत्रिणींसमोर, ज्यांच्यासोबत काल गणिताचा गृहपाठ उतरवून घेतला त्यांच्यासमोर, हा हात न कचरता उचलायचा. सतरा-अठराव्या वर्षी. आमच्याकडे वर्गाच्या मॉनिटरचं काय होतं ते आठवून पाहावं.

झोहरामध्ये अडचण दुप्पट होती, कारण वाद्यं दोन कुळांतली. एकीकडे व्हायोलिन, व्हायोला, चेलो, बासरी, पियानो. दुसरीकडे रबाब, गजानं वाजणारं घिचक, अनेक तारांचं कानून, सतार, तबला. रबाबचा सूर छेडला की लगेच विझू लागतो, व्हायोलिनचा गज फिरतो तोवर टिकतो. दोघींना एकच धून एकाच जोरानं वाजवायला सांगितली तर रबाब बुडून जाईल. म्हणून व्हायोलिनला दबत ठेवायचं, रबाबला मोकळी जागा द्यायची. रबाबला तरफा असतात, म्हणजे मुख्य तारांबरोबर आपोआप झंकारणाऱ्या तारा. त्या एका सुरावटीत लावल्या की पुढच्या रचनेसाठी चटकन बदलता येत नाहीत, त्यामुळे कार्यक्रमाचा क्रमसुद्धा तरफा ठरवतात. काबूल सुमारे 1800 मीटर उंचीवर, हवा कोरडी. अशा हवेत तबल्याची पुडी चढते, व्हायोलिनच्या खुंट्या आक्रसून सैल पडतात. पियानो मात्र आहे तिथेच, आणि त्याच्याशी जुळवून घेणं बाकीच्यांना भाग.

लयीचंही तसंच. अफगाण संगीतात मोगली नावाचा सात मात्रांचा ताल आहे. आपल्या रूपकाच्या घरातला. तबलेवालीला तो सहज येतो, तिच्या हाताला ठेका माहीत असतो. ज्या मुलीनं फक्त पाश्चात्त्य वाद्य शिकलंय तिला तीन आणि चार असं मोजून बसवावं लागतं. कंडक्टरला या दोन्ही डोक्यांना एकाच हातानं समजावायचं असतं. मला या प्रकरणातली खरी शाळा इथे दिसते. कुठल्या टोळीची, कुठल्या भाषेची, आई आहे की नाही, हे प्रश्न तालमीत तेवढ्यापुरते तरी बाजूला पडत असणार, कारण सातवी मात्रा चुकली तर ती सगळ्यांची चुकते. पश्तून, हजारा, ताजिक मुली एका ओळीत बसल्या होत्या. सरमस्त हे प्रत्येक मुलाखतीत अभिमानानं सांगत, आणि त्यात प्रचार किती, खरं किती, असा संशय माझ्याही मनात आला. पण तालमीचं गणित असं आहे की खोटं फार दिवस टिकत नाही.

मंच

झोहरा उभी राहत असतानाच, 11 डिसेंबर 2014 रोजी, काबूलमधल्या फ्रेंच सांस्कृतिक केंद्रात आत्मघाती स्फोट झाला. मंचावर आत्मघाती हल्ल्यांचा निषेध करणारं नाटक सुरू होतं आणि त्यात संस्थेचे विद्यार्थी वाजवत होते. प्रेक्षकांत बसलेले सरमस्त जबर जखमी झाले. कानांनी ऐकू येईना, डोक्यात धातूचे तुकडे. ऑस्ट्रेलियात शस्त्रक्रिया झाल्यावर काही प्रमाणात ऐकू येऊ लागलं. ते परत काबूलला आले आणि शाळा चालू राहिली.

यानंतर दोन रस्ते होते. एक, मान खाली घालून आवाराच्या आत शिकवत राहायचं. दुसरा, इतकं दिसायचं, जगात इतकं नाव करायचं की हात लावणाऱ्याला विचार करावा लागेल. शाळेनं दुसरा रस्ता धरला. जानेवारी 2017मध्ये झोहराच्या सुमारे तीस मुली स्वित्झर्लंडला गेल्या आणि दावोसच्या जागतिक आर्थिक मंचाच्या समारोपात, 20 तारखेला, देशोदेशीचे मंत्री आणि उद्योगपती बसलेल्या सभागृहात वाजवून आल्या. रंगीत अफगाण पोशाख, डोक्यावर ओढण्या, समोर हात उंचावलेली नेगीन. त्याच दौऱ्यात स्वित्झर्लंड आणि जर्मनीतल्या आणखी शहरांत कार्यक्रम झाले. 2018मध्ये संस्थेला स्वीडनचा पोलार संगीत पुरस्कार मिळाला. त्या वर्षीचे दुसरे मानकरी होते मेटॅलिका हा अमेरिकी रॉक बँड. 2019च्या मार्चमध्ये झोहरा लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये वाजली.

दौऱ्यांनी मुलींना काय दिलं हे उघड आहे. काही काकांची मतंही बदलली म्हणतात. परदेशी टीव्हीवर पुतणी दिसली की रागाची जागा अभिमान घेऊ शकतो, हे आपल्याकडेही सारेगमपच्या काळात पाहिलं आहे. पण प्रत्येक कार्यक्रमागणिक फोटो निघत होते. नाव, वय, प्रांत, चेहरा, सगळं वृत्तसंस्थांच्या पानांवर. सतराव्या वर्षी मुलीनं 'चालेल, फोटो काढा' म्हटलं, ते चोविसाव्या वर्षीही लागू धरायचं का? ती म्हणाली तेव्हा तिच्यासमोर एक सरकार होतं, शाळा होती, फाटकावर पहारा होता. संमती दिली ती त्या काबूलमध्ये.

मी शाळेला दोष देत नाही. न दिसता राहिले असते तर पैसा आला नसता, आणि पैशाविना रस्त्यावरची मुलं परत रस्त्यावर गेली असती. पण शाळेचं संरक्षण ज्या गोष्टीनं होत होतं त्याच गोष्टीनं मुली ओळखीच्या झाल्या होत्या, हे प्रकरण अभ्यासताना नोंदवून ठेवावंच लागतं. इथे आमच्या शाळाही स्नेहसंमेलनाचे फोटो नावानिशी गटावर टाकतात आणि कुणी विचारत नाही. आमचं नशीब चांगलं, एवढाच फरक.

ऑगस्ट

15 ऑगस्ट 2021 रोजी तालिबान काबूलमध्ये शिरले. आपल्याकडे झेंडावंदन चालू होतं. सरमस्त त्या वेळी मेलबर्नमध्ये होते आणि तिथून फोनवर फोन करत होते.

नेगीन घरी होती. पुढे तिनं रॉयटर्सला सांगितलं ते असं. तालिबान शहराच्या वेशीवर आल्याचं कळलं, आणि उघडे हात झाकायला तिनं आधी अंगावर घ्यायचा झगा शोधला. शोभेचे छोटे ढोल होते ते लपवले. मग कार्यक्रमांचे फोटो, वर्तमानपत्रांतली कात्रणं गोळा केली, त्यांचा ढीग केला आणि पेटवून दिला.

हातांचा तो तपशील मी दोनदा वाचला. ज्या हातांकडे तीस मुली बघत बसायच्या, ते तिनं सगळ्यात आधी झाकले.

काही दिवसांत महिला पत्रकारांच्या एका गटाबरोबर ती विमानानं बाहेर पडू शकली आणि अमेरिकेला पोहोचली. शाळेतले बाकीचे अडकले होते. ऑगस्टच्या अखेरीस विद्यार्थ्यांनी भरलेल्या बस विमानतळाजवळ तासन्‌तास थांबल्या आणि आत न जाताच परतल्या. ऑक्टोबरच्या सुरुवातीला पहिले 101 जण दोहाला निघाले, त्यानंतर आणखी काही तुकड्या. 13 डिसेंबर 2021 रोजी विद्यार्थी, शिक्षक आणि त्यांचे नातेवाईक मिळून 273 जण लिस्बनला उतरले. पोर्तुगालनं त्यांना आश्रय दिला. चेलोवादक यो-यो मा यांच्यासारख्यांनी यासाठी शब्द टाकला होता. मंचावर दिसण्याचा तो जुना हिशेब असा शेवटी उपयोगी पडला, पण आधी तोच अंगाशी आला होता. यातली कितीतरी मुलं अल्पवयीन होती आणि आईवडिलांना मागे ठेवून आली होती. वाद्यंही मागेच राहिली.

शाळा 2022पासून पोर्तुगालच्या उत्तरेला ब्रागा आणि गिमाराइश या गावांत नव्यानं सुरू झाली. मार्च 2024मध्ये अफगाण युवा वाद्यवृंद इंग्लंडच्या दौऱ्यावर निघाला तेव्हा ब्रिटिश सरकारनं आधी व्हिसा नाकारला आणि गाजावाजा झाल्यावर निर्णय फिरवला. ऑगस्ट 2024मध्ये तो पुन्हा कार्नेगी हॉलमध्ये वाजला, 2013नंतर अकरा वर्षांनी. शाळा तीच, वाद्यवृंदाचं नाव तेच. पण देशात मात्र मुलींना सहावीच्या पुढे शाळा नाही, आणि जुलै 2023मध्ये हेरातला गिटार, तबला, हार्मोनियम यांची होळी झाल्याचे फोटो खुद्द सरकारी यंत्रणेनंच प्रसिद्ध केले.

नेगीननं जाळले ते तिच्या घरातले फोटो. रॉयटर्सच्या छायाचित्रकारानं एप्रिल 2016मध्ये काबूलच्या शाळेत काढलेले तालमीचे फोटो वृत्तसंस्थेच्या संग्रहात अजून आहेत. त्यांच्याखाली तिचं नाव आहे. तेव्हा तिचं वय होतं 19.